आधी लग, मग डाय, शेवटी टूल

पोरी, तुम्ही दोघांनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्परव्हॅन करायला काढलीत, फार छान वाटलं. लिथियमची बॅटरी, 2000 वॉटचा इन्व्हर्टर आणि स्वयंपाकाला इंडक्शन, हा बेतही चांगला आहे. आता बॅटरीच्या जाड केबलला लग, म्हणजे टोकाचं तांब्याचं नळीदार टर्मिनल, पंच करायला, म्हणजे दाबून बसवायला, कोणतं टूल घेऊ, असं तू विचारलंस. उत्तर एका ओळीत देता येईल, पण कारणासकट दिलं तर आयुष्यभर पुरेल. पॅनेल आणि गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात काळे करून जे शिकलो, ते तुझ्या कानावर घालतो.

हा जोड इतका महत्त्वाचा का, ते आधी समजून घे. घरात 230 व्होल्टवर इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरात चालली तरी 9 अँपिअरच्या आत भागवते. व्हॅनमध्ये तीच शेगडी 12 व्होल्टच्या बॅटरीवरून चालवलीस की केबलमधून 180 अँपिअरच्या आसपास करंट जातो. उष्णता वाढते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. कच्च्या जोडात नुसता एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, रोध राहिला तरी तिथे 32 वॉट जळतात. सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं. त्याहून जास्त उष्णता प्लायवूडच्या कपाटात, गादीखाली, शेगडी चालू असेल तोवर धुमसत राहील. शिवाय 70 स्क्वेअरच्या, म्हणजे 70 चौरस मिलिमीटरच्या, तांब्याच्या केबलचा रोध मीटरला साधारण 0.27 मिलिओहम असतो. म्हणजे असा एक कच्चा जोड जवळजवळ चार मीटर केबलइतका रोध घालतो. महागडी केबल घेऊन लग कसाबसा दाबला, तर केबलचे पैसे वाया गेले असं समज.

टन विचारू नकोस, डाय विचार. दुकानदार सांगेल, हे आठ टनी, हे बारा टनी, हे सोळा टनी. तो दाब मोजायला तुझ्याकडे काही नाही. डाय, म्हणजे टूलच्या जबड्यात बसणारा साचा, मात्र डोळ्यांना दिसते. षट्कोनी डायचे दोन अर्धे एकमेकांना पूर्ण टेकले की लगचा आकार ठरला, मग टूलवर आकडा कोणताही असो. 25 ते 95 स्क्वेअरपर्यंतच्या तांब्याच्या लगना चांगलं आठ टनी हातपंपाचं टूल भरपूर होतं. जास्त टनाच्या नादात जड धूड घेतलंस तर ते उचलताना लग डायमध्ये सरळ धरणंच अवघड होईल.

लग, केबल आणि डाय एका मापाच्या हव्यात. खरी मेख इथे आहे. लगवर 70-10 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा केबलचा, दुसरा बोल्टच्या भोकाचा. पण दोन कंपन्यांच्या 70 च्या लगची नळी सारख्या जाडीची असेलच असं नाही. स्वस्त लगचा पत्रा पातळ असतो, जर्मन डिन 46235 प्रमाणाचा लग जाड भिंतीचा आणि लांब नळीचा असतो. एकाच डायमध्ये दोन्ही सारखे दाबले जाणार नाहीत. म्हणून आधी लग ठरव, मग त्या लगची डाय शोध, आणि ती डाय ज्या टूलमध्ये बसते ते टूल घे. एकाच कंपनीचे लग आणि डाय मिळाले तर निम्मी काळजी संपली.

डायवरचा आकडाही नीट वाच. काही डायवर केबलचं माप असतं, तर काहींवर डिनचा सांकेतिक आकडा. त्या पद्धतीत 25 स्क्वेअरला 10, 35 ला 12, 50 ला 14, 70 ला 16 आणि 95 ला 18. म्हणजे डायवर 16 दिसलं तर ती 16 स्क्वेअरची आहे की 70 ची, हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

टूलचे प्रकार बघ. हातोड्याने ठोकायचं टूल स्वस्त मिळतं. त्यात दाब ठरतो तुझ्या हाताच्या जोरावर, त्यामुळे दोन जोड सारखे येत नाहीत. वाटेत अडचण आली तर ठीक, इन्व्हर्टरच्या केबलला नको. लांब दांड्यांचं हाताचं टूल चांगलं असतं, फिरत्या डायचं असेल तर आणखी बरं. 50 स्क्वेअरपर्यंत ते छान चालतं. त्यापुढे एक दांडी जमिनीला टेकवून दुसरीवर अंगाचा भार टाकावा लागतो आणि व्हॅनच्या आत तेवढी जागा मिळत नाही. हातपंपाचं हायड्रॉलिक टूल बारीक चणीच्या माणसालाही झेपतं आणि दर वेळी डाय तितकीच मिटते. तुम्हाला हेच घ्या म्हणेन. काही टूल एका बाजूने खोल खड्डा पाडतात, काही सगळीकडून षट्कोनी दाबतात. नीट दाबले तर दोन्ही जोड धरतात, पण षट्कोन बरोबर उमटला की नाही हे नवख्यालाही कळतं आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्हही सपाट बसते.

पैसे देण्याआधी एक लग बळी दे. सोबत आपल्या केबलचा तुकडा आणि दोन-तीन लग घेऊन जा. दुकानातच एक पंच करून बघ. डाय पूर्ण मिटते का? तेल पाझरतं का? डाय मिटल्यावर दाब आपोआप सुटणारं टूल असेल तर जरूर घे. नसेल तर डाय टेकली की पंप मारणं तिथेच थांबवायचं. रिकाम्या डायवर पूर्ण दाब मात्र देऊ नकोस, डाय आणि जबडा खराब होतात.

घरी आल्यावर तो पंच केलेला लग हॅक्सॉने मधोमध काप आणि कानस मारून तोंड गुळगुळीत कर. आत तारा वेगवेगळ्या ओळखू येत नाहीत, तांब्याचा एकच घट्ट गोळा दिसतो, तर डाय बरोबर. तारांमध्ये फटी दिसल्या तर डाय मोठी पडली. लगच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे पंख फुटले तर डाय लहान पडली. असे पंख आले तर आधी एक माप मोठ्या डायने दाबून मग बरोबरच्या डायने दाब. उरलेली बारीक कड कानशीने काढ, नाहीतर ती स्लीव्ह फाडते. या एका कापलेल्या लगमधून जितकं कळतं तितकं कुठल्याही जाहिरातीतून कळत नाही.

केबल तांब्याचीच आहे ना, बघ. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही मिळते. एक तार ब्लेडने खरवड, आतून पांढरी निघाली तर परत कर. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्याच्यावर रोध वाढवणारा थर चढतो आणि जोड आपोआप ढिला होतो. व्हॅनला बारीक तारांची लवचीक केबल घे, जाड तारांची घरगुती केबल घाटातल्या हादऱ्यांना नाही.

दाबण्याची रीत. केबल कटरने काप, करवतीने तारा पिंजतात. सोलताना एकही तार तुटता कामा नये. नळीच्या लांबीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर जास्त सोल. लगला बघायचं भोक असेल तर त्यातून तांबं दिसलं पाहिजे. अरुंद डायने दोन किंवा तीन दाब द्यावे लागतात. सुरुवात बोल्टच्या भोकाकडून कर आणि केबलकडे सरकत ये, म्हणजे दाबलं गेलेलं तांबं मोकळ्या बाजूला सरकतं. दुसऱ्या टोकाचा लग पंच करण्याआधी केबल जागेवर ठेवून लगची दिशा मार्करने खुणावून घे. जाड केबल नंतर पिळता येत नाही. आणि हो, स्लीव्ह आधी केबलवर ओवायला विसरू नकोस.

सोल्डर भरू नकोस. दाबण्याआधीही नाही, नंतरही नाही. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी केबल नेमकी त्याच्या कडेला तुटते. जोड तापला तर सोल्डर मऊ होतं ते वेगळंच. नीट दाबलेल्या लगला त्याची गरज नाही. कोकणात समुद्राकाठी मुक्काम करणार असाल तर कल्हई केलेले लग आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरा, खारी हवा आत शिरत नाही.

बसवताना. लग थेट टर्मिनलला टेकला पाहिजे, मध्ये वॉशर नको. वॉशर आणि स्प्रिंग वॉशर लगच्या वर, मग नट. अंगठी-कडं काढून ठेव, पान्याच्या दांडीला टेप गुंडाळ. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि तो बसल्याशिवाय केबलचं दुसरं टोक कुठेही जोडायचं नाही.

शेवटी भार टाकून तपास. शेगडी दहा मिनिटं पूर्ण जोरात चालव. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मोज. सारख्या मापाचे जोड सारखेच आकडे दाखवतात. एखाद्याचा आकडा वेगळा दिसला तर दया न दाखवता कापून नवा लग लाव. तापमानाची गन वापरलीस तर लगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटव, चकचकीत धातूवर ती कमी तापमान दाखवते.

आता एक हिशेब. तुमच्या व्हॅनला असे जाड जोड मोजकेच लागतील. तेवढ्यासाठी टूल नको वाटलं तर केबल मापून, दिशा खुणावून पॅनेल बोर्ड बनवणाऱ्याकडे ने. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत केबल आणि लग घेताना विचारलंस तर अशा माणसाचा पत्ता मिळेल. समोर उभी राहून पंच करून घे आणि एक जास्तीचा लग दाबून तोही कापायला लाव. टूल तुझं असो की त्याचं, कापलेल्या लगमध्ये फट दिसली तर ते काम घ्यायचं नाही. पहिला घाट उतरून आलात की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा आणि मग खुशाल लांबच्या वाटेला लागा.