अस्वलाच्या सांध्यांविषयी



तुझे पत्र व सोबत पाठविलेले टेडी अस्वलाचे सुटे अवयव पोहोचले. शिवण सुबक आहे, कानांची ठेवणही मनास भावली. परंतु हातपाय धडाला कसे जोडावे हा प्रश्न तू अगदी शेवटी, किरकोळ तपशिलासारखा विचारला आहेस, म्हणून त्याचेच उत्तर विस्ताराने देते. सांधा हा अस्वलाच्या पोटात कायमचा दडून जाणारा जिन्नस आहे. एकदा भरण भरून पाठीची शिवण मिटली की त्यातील कसूर उसवल्यावाचून दुरुस्त होत नाही, आणि म्हणूनच डोळ्या-नाकाच्याही आधी, कापड बेतण्यापूर्वी, त्याचा विचार व्हावयास हवा.

जर्मनीतील गिंगेन येथे मार्गारेटे श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा भाचा रिचर्ड याने १९०२ साली जे अस्वल सिद्ध केले, त्याच्या ‘५५ पीबी’ या नावातील आकडा सेंटिमीटरांतील उंची सांगतो आणि अखेरचे अक्षर हालणाऱ्या अवयवांचे निदर्शक आहे. म्हणजे कर्त्याच्या दृष्टीने त्या खेळण्याची अपूर्वाई सांध्यांतच होती. तरीही ते सांधे दोऱ्याचे होते. पुढे धातूच्या सळईचा प्रयोग झाला आणि १९०५ च्या सुमारास चकत्यांचा सांधा आला, तोच आपण आजही वापरतो. इतक्या कुशल माणसांना जेथे तीन वर्षे घालवावी लागली, तेथे तू एका दुपारची घाई करू नयेस.

अस्वल कोणाच्या हाती जाणार, यावर सांध्याची निवड ठरते. तीन वर्षांखालील मुलासाठी असेल तर पिना, वॉशर काहीच नको. हातपाय धडाच्या शिवणीतच पक्के शिवावेत. धुवावे लागणाऱ्या अस्वलाला प्लॅस्टिकचे सांधे बरे, मात्र ते एकदा दाबून बसले की निघत नाहीत, म्हणून जागेची खातरजमा आधी करावी. बोटभर अस्वलाला मेणवलेला मजबूत दोरा पुरतो. मोठ्या, जड अस्वलाला नट-बोल्ट उत्तम, कारण पान्याने हवा तितका ताण देता येतो; पण नट आपोआप सैल न होणारा, आत नायलॉनचे कडे असलेला घ्यावा. तुझ्या मध्यम आकाराच्या अस्वलाला हार्डबोर्डच्या चकत्या आणि दुभंगलेल्या पायांची कॉटर पिन हेच मी सुचवीन. चकती खांद्याच्या रुंदीत जेमतेम मावेल अशी असावी, कारण लहान चकतीभोवती हात लुळा पडतो. शिवणीला मात्र ती टेकू नये.

भोक कात्रीने पाडू नकोस. आरीने कापडाचे धागे बाजूस सारून पिन जाईल एवढीच वाट कर. पिनेत वॉशर व चकती ओवून ती हाताच्या आतून बाहेर काढावी, धडात शिरवावी, आतून दुसरी चकती व वॉशर चढवावा, आणि मग टोकदार पकडीने पिनेचे दोन्ही पाय दोन दिशांना ओढून वॉशरवर घट्ट वळवावेत. हात फिरविताना जोर लागला पाहिजे. भरण भरल्यावर सांधा सैलावतो, आणि दोन चकत्यांमध्ये दाबलेली केसाळ कापडाची लव वापराने आणखी बसते. माझ्या पहिल्या अस्वलाचे डोके मी सहज फिरेल असे बसविले होते व त्याचा मला अभिमानही वाटला होता. पावसाळा संपण्याच्या आत ते छातीवर कलले, आणि ज्या मुलीसाठी ते केले होते तिने एका हाताने त्याची हनुवटी सावरून धरलेली मी पाहिली. ते दृश्य अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही.

तुझ्या डाव्या हाताचे भोक तू बाहेरच्या अंगास पाडले आहेस. दोन्ही हात एकाच बाजूचे झाले आहेत. ते बारीक टाक्याने बुजव आणि तळव्याच्या बाजूस नवे पाड, लवेत जुने दिसणार नाही. पाच सांध्यांच्या दहा चकत्या, वॉशर व पिना सोबत पाठवीत आहे. डोके ठासून भर, मानेच्या कडेला जाड धावदोरा घालून तो चकतीभोवती आवळून घे, पिन बाहेर राहू दे. धड मात्र रिकामेच आण. दिवाळीच्या सुटीत येशील तेव्हा पाठ मिटण्यापूर्वी पाचही सांधे मला स्वतःच्या हाताने फिरवून पाहावयाचे आहेत.

तुझी मावशी