अँजिओग्राफीच्या डायने हृदय कमजोर होते का?

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, हृदयाचे पंपिंग 35 टक्के. अँजिओग्राफीच्या डायने ते आणखी घसरेल, असे शेजारी म्हणतात. खरे का?

उत्तर : भीती निराधार नाही, पण ती जुन्या डायची आहे. 1958 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स यांच्या रुग्णाच्या उजव्या हृदयधमनीत चुकून बराच डाय गेला आणि हृदय थांबले; खोकायला लावल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्या डायमध्ये विरघळलेल्या कणांची दाटी रक्ताच्या पाचपटीहून अधिक असे. शिवाय त्यात मिसळलेली काही द्रव्ये कॅल्शियम बांधून ठेवत, आणि कॅल्शियमविना हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. आजच्या बहुतेक डायमध्ये ही दाटी रक्ताच्या दोन-तीनपट, आयोडिक्सॅनॉल या डायमध्ये तर रक्ताइतकीच. त्यामुळे आकुंचन घटलेच तरी किंचित, आणि रक्ताने डाय वाहून नेला की थोड्याच वेळात पूर्ववत.

मग तपासणीनंतर काहींना धाप का लागते? दाट डाय आजूबाजूचे पाणी रक्तवाहिन्यांत ओढतो, त्यात सलाइनची भर. कमजोर हृदयाला हा भार पेलत नाही. म्हणजे स्नायू बिघडलेला नसतो, काम वाढलेले असते. वडिलांच्या बाबतीत खरी काळजी याचीच, आणि डायने मूत्रपिंडावर येणाऱ्या ताणाची. मूत्रपिंडाचे काम सांगणारा क्रिएटिनिनचा अहवाल आधी दाखवा, डाय कमीत कमी वापरण्याबद्दल बोला. ‘नंतर भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला मात्र त्यांना लागू नाही. किती प्यायचे ते हृदयरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या.