मोजमापाच्या माइकसाठी छोटा मिक्सर कसा निवडावा?



आमच्या देऊळगाव राजाकडे पत्र्याच्या छताच्या वर्गखोल्या बऱ्याच. अशा खोलीत आवाज घुमतो आणि मागच्या बाकावरचं पोर "सर, काय म्हणालात?" विचारतं. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण खरंच लक्ष नाही, की ऐकूच येत नाही? हे मोजून पाहता येतं. त्यासाठी लागतो मोजमापाचा माइक.

मिक्सर कशाला?
हा माइक कंडेन्सर जातीचा असतो. त्याला बाहेरून वीज लागते. मिक्सर ती माइकच्याच वायरमधून देतो, म्हणून तिला 'फँटम पॉवर' म्हणतात. ती साधारण ४८ व्होल्ट असते. मोबाइलच्या जॅकमधून मिळणारे दोन-तीन व्होल्ट इथे कामाचे नाहीत.

घेताना काय पाहावं?
१. मिक्सरवर '+४८ व्ही' बटण हवंच. काही स्वस्त, छोट्या मिक्सरना ते नसतं.
२. तीन पिनांची एक्सएलआर वायर दोन्ही टोकांना एक्सएलआरच हवी. मी इथेच फसलो. मंडपवाल्याकडून आणलेल्या वायरच्या एका टोकाला जाड जॅक होता. जॅकच्या वाटेने फँटम पॉवर जात नाही. दोन तास मी माइकलाच दोष देत बसलो!
३. यूएसबी असेल तर लॅपटॉपला थेट जोडता येतं. यामाहा एजी०३ सारखे मिक्सर तर यूएसबीच्याच विजेवर चालतात, म्हणजे लाइट गेली तरी काम अडत नाही.
४. बास, ट्रेबल मधोमध. इको, कॉम्प्रेसर बंद. नाहीतर आपण खोली नाही, मिक्सरची बटणंच मोजू.

फक्त मोजणीच करायची असेल तर यूएसबीचा मोजमाप माइक घ्या, मिक्सर लागणारच नाही. पण मिक्सर स्नेहसंमेलनालाही उपयोगी पडतो.

वर्गातला प्रयोग
आधी माइक जोडा, आवाज शून्यावर ठेवा, मग ४८ व्होल्टचं बटण दाबा. खोली शांत करून फुगा फोडा आणि रेकॉर्ड करा. लाल दिवा लागला तर गेन कमी करून पुन्हा फोडा. 'रूम ईक्यू विझार्ड' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज ६० डेसिबल उतरायला किती वेळ लागतो ते दिसतं. अमेरिकेतल्या मानकानुसार नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात तो ०.६ सेकंदापेक्षा जास्त नसावा. या प्रयोगाला कॅलिब्रेटर लागत नाही. पण खोलीतला गोंगाट नेमका किती डेसिबल हे सांगायचं असेल, तर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने जुळवणी करा आणि त्यानंतर गेनच्या बटणाला हात लावू नका.

आकडा मोठा आला तर जाड पडदे, भिंतीवर मऊ बोर्ड किंवा गोणपाट लावा आणि पुन्हा फुगा फोडा. फरक मुलांनाच मोजू द्या. ध्वनीचा धडा तिथेच शिकून होतो.

आणि पालकहो, मूल 'ऐकत नाही' अशी तक्रार आली, तर एकदा त्याच्या बाकावर बसून बघा.