आधी लोणेरे, मग जर्मनी

रोहे

चि. चिऊ,

तुझे पत्र पोचले. जर्मनीत कॉम्प्युटर सायन्स शिकायचा तुझा विचार मला मनापासून आवडला. मात्र बारावी होताच निघायची घाई करू नकोस.

आपली बारावी तिथल्या विद्यापीठांना थेट प्रवेशासाठी सहसा पुरत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण हो, नाहीतर तिथे वर्षभर 'स्टुडिएनकोलेग' हा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम कर, किंवा इथेच त्याच विषयाच्या पदवीचे पहिले वर्ष पूर्ण कर. मला तिसरा मार्ग पटतो. लोणेऱ्याचे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे सीईटी देऊन कॉम्प्युटरला प्रवेश घे. हे वर्ष वाया जाणार नाही. हा विषय आपला आहे की नाही, ते घरापासून जवळ राहून कळेल.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. त्यासाठी तुमच्या मूर्तींच्या कारखान्याची जागा गहाण ठेवायला तुझे बाबा एका पायावर तयार होतील. तू ती वेळ येऊ देऊ नकोस. परदेशासाठीच्या सरकारी शिष्यवृत्त्या बहुतेक पदव्युत्तर शिक्षणासाठी असतात, त्यांच्या भरवशावर बेत आखू नकोस.

पदवीचे वर्ग बहुतेक जर्मन भाषेतूनच चालतात, आणि प्रवेशाला साधारण सी-1 पातळी लागते. तू अकरावीत आहेस. आजच सुरुवात केलीस तर जमेल. गणिताचेही तसेच. पहिल्या वर्षी कोडपेक्षा सिद्धता जास्त असतात. दोनचे वर्गमूळ अपरिमेय का, हे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मांडता येते का, बघ. आणि दुसऱ्याचा कोड कधीही उचलू नकोस. चलांची नावे बदलली तरी साम्य हुडकणारी 'मॉस' ही प्रणाली 1994 पासून आहे, आणि चोरी सापडली की शिक्षणच धोक्यात येते.

तुमच्या कारखान्यात नव्या पोराला मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोणी देत नाही. आधी माती, मग घासकाम, मग रंग. तोच क्रम शिक्षणातही धर.

आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले, तरी आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, मग केंब्रिजला गेले, आणि 1918 मध्ये आयसीएसलाही पहिले आले. तयारीने गेलेला माणूस परदेशात टिकतो.

येत्या रविवारी बाबांना घेऊन पेणहून इकडे ये. आवडलेल्या दोन विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी छापून आण. खर्चाचा कागद आपण तिघे बसून मांडू. तोवर कोणत्याही एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

तुझा
मामा