ग्रँटच्या अर्जाआधी पार्टनर पारखा: ओपन हार्डवेअर करणाऱ्यांसाठी पाच पायऱ्या



व्हिडिओत वेळेअभावी जे मुद्दे पटापट घ्यावे लागले, ते इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

ओपन हार्डवेअर म्हणजे ज्या वस्तूचं सर्किट, ड्रॉइंग आणि सुट्या भागांची यादी सगळ्यांसाठी खुली असते. कोणीही ती वस्तू बनवू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. आर्डुइनो बोर्ड हे ओळखीचं उदाहरण. अशा कामाला ग्रँट मिळू शकते. पण अर्जात ‘टीममध्ये कोण?’ हा रकाना आला की आपण मित्राचं, मेहुण्याचं नाव टाकून मोकळे होतो. ग्रँट मंजूर झाल्यावर ते नाव फोन उचलत नसेल, तर उत्तर द्यावं लागतं अर्जदाराला, म्हणजे तुम्हाला.

दुकानात नवीन गिऱ्हाईकाला आपण पहिल्याच दिवशी मोठी उधारी देत नाही. थोडी देतो, वेळेवर फिटते का बघतो, मग वाढवतो. पार्टनरचंही तसंच करायचं, आणि अर्ज भरण्याच्या आधी करायचं.

१. आधी गरज लिहा, मग माणूस शोधा

समजा, तुम्हाला कांदाचाळीतलं तापमान आणि दमटपणा मोजणारं यंत्र बनवायचंय. कामं लिहून काढा: सर्किट, प्रोग्रामिंग, धूळ-पाणी न शिरणारा डबा, खऱ्या चाळीत चाचणी, हिशेब. जे तुम्हाला येतं त्यावर टिक करा. उरलेल्या कामांसाठीच पार्टनर हवा. तुमच्यासारखंच काम येणारा दुसरा माणूस घेतलात, तर पैसे वाटले जातील आणि अडलेलं काम तसंच राहील.

ओपनफ्लेक्शर या थ्रीडी प्रिंटरवर बनणाऱ्या मायक्रोस्कोपचं उदाहरण बघा. डिझाइनमागे इंग्लंडमधली बाथ आणि केंब्रिज विद्यापीठं, मलेरियाच्या निदानासाठी टांझानियातली इफाकारा हेल्थ इन्स्टिट्यूट, आणि स्थानिक उत्पादनासाठी दार-एस-सलाममधली बोंगो टेक. प्रत्येक जण वेगळी गरज भागवतो.

२. योग्य ठिकाणी शोधा

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पुण्यात व्हेंचर सेंटर आहे, आयआयटी मुंबईत ‘साइन’ हे इनक्युबेटर आहे. तालुक्याच्या आयटीआयमधले निदेशक, पॉलिटेक्निकचे सर, एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला यांनाही विसरू नका. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन २०१६ पासून प्रमाणपत्र देते. त्यांच्या यादीत देशानुसार कोड असतो, भारताचा ‘आयएन’. आपल्या देशात कोण काय बनवतंय, ते तिथे दिसतं.

३. फोन करण्याआधी काम तपासा

इथे आपल्याला मोठा फायदा आहे. ओपन हार्डवेअरवाल्याचं काम उघड्यावरच असतं. चार गोष्टी बघा:

- बदल करता येतील अशा मूळ फाइल ठेवल्यात का? नुसती पीडीएफ म्हणजे फोटो दाखवून ताट लपवणं.
- सुट्या भागांची यादी पूर्ण आहे का?
- परवाना लिहिलाय का?
- त्याच्याव्यतिरिक्त आणखी कोणी ती वस्तू बनवून दाखवली आहे का?

चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर माणूस समजेल असं लिहितो, एवढं नक्की. शिवाय ज्याने त्याच्यासोबत काम केलंय, अशा एकाला फोन करा आणि थेट विचारा, “यांच्याबरोबर परत काम कराल का?”

४. एक छोटं काम द्या, पैसे देऊन

एक बोर्ड डिझाइन करून घ्या किंवा एक डबा बनवून घ्या. मुदत ठरवा आणि पैसे द्या. फुकटच्या कामावरून माणूस पारखता येत नाही. उशीर होणार असेल तर त्याने स्वतःहून कळवलं का? चूक निघाल्यावर दुरुस्त केली की वाद घातला? अर्जाच्या मुदतीला आठ दिवस असताना पार्टनर शोधायला निघालात, तर हे जमणार नाही. पी हळद अन् हो गोरी, असं यात होत नाही. निदान दोन महिने हातात ठेवा.

५. चार गोष्टी कागदावर घ्या

*मधला खर्च कोणाचा?* बऱ्याच ग्रँट टप्प्याटप्प्याने मिळतात. नेदरलँड्सची एनएलनेट फाउंडेशन इंटरनेटशी संबंधित खुल्या कामांना, हार्डवेअरलाही, पैसे देते. तिच्या एनजीआय झीरो निधीत पहिल्या अर्जाला ५,००० ते ५०,००० युरोपर्यंत मागता येतात, पण रक्कम टप्पा पूर्ण झाल्यावर मिळते. समजा २० यंत्रं आणि प्रत्येकी १,५०० रुपयांचे भाग, म्हणजे ३०,००० रुपये आधी कोणाच्या तरी खिशातून जाणार. कोणाच्या, ते आजच लिहा.

*पैसा कोणाच्या खात्यात?* परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम पुढे दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही. म्हणून ‘ट्रस्टच्या खात्यात घेऊ, मग वाटून घेऊ’ असं ठरवण्याआधी सीएशी बोला.

*परवाना कोणता?* सर्न ओपन हार्डवेअर लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकार आहेत. कडक प्रकारात, बदल करून वस्तू विकणाऱ्याला बदललेलं डिझाइनही खुलं करावं लागतं. सैल प्रकारात ते बंधन नाही. तिसरा या दोन्हींच्या मधला. ‘पुढे बघू’ म्हणणारा पार्टनर ऐन वेळी डिझाइन अडवू शकतो.

*नातं काय?* १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. तुम्ही फक्त एका प्रकल्पापुरते एकत्र असाल, तर ‘ही भागीदारी फर्म नाही’ असं स्पष्ट लिहा. कोणी मध्येच सोडून गेलं तर फाइल आणि सामान कोणाकडे राहील, तेही लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

पायरी १ ची यादी करा. टिक न झालेल्या प्रत्येक कामासमोर दोन नावं लिहा. त्यातल्या एकाला पाच हजारांच्या आतलं एक काम द्या, तारीख ठरवून. ते काम वेळेत आणि नीट हातात आलं, की त्याचं नाव अर्जात जाईल. नाही आलं, तर पाच हजारांत मोठं नुकसान टळलं असं समजा आणि दुसऱ्या नावाला फोन लावा.