फळ्यामागची भिंत कोणत्या रंगाची असावी?

प्रश्न : नारायणगडाजवळच्या वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकवर्गणी करून शाळा रंगवायची असं शाळा व्यवस्थापन समितीत ठरलं, पण रंगावरून एकमत होईना. एक जण म्हणतो, पिवळ्याने बुद्धी तल्लख होते. दुसऱ्याचं म्हणणं, हिरव्याने पोरं शांत बसतात. पेंटर म्हणतो, चारी भिंती चित्रांनी भरून टाकू. रंगाने मुलांच्या मनावर आणि अभ्यासावर खरंच परिणाम होतो का?
— एक पालक, नारायणगड परिसर, जि. बीड

उत्तर : परिणाम होतो, पण तुमच्या समितीतली मंडळी समजतात तसा नाही. अमुक रंगाने बुद्धी वाढते, तमुक रंगाने राग शमतो, असे दावे जगभर झाले. १९७९ साली अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगातली एक कोठडी गुलाबी रंगवली आणि कैदी शांत झाले असं सांगितलं गेलं. पुढे कितीतरी तुरुंगांनी भिंती गुलाबी केल्या. नंतर काटेकोर तपासणी झाली, तेव्हा गुलाबीचा तो गुण काही सापडला नाही. परीक्षेआधी लाल रंग दिसला की गुण कमी पडतात, असं २००७ मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं. इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा दर वेळी तसं घडलं नाही.

शिवाय रंगाचा अर्थ मूल आपल्या गावातूनच शिकतं. धाकट्या पंढरीच्या, म्हणजे तुमच्या नारायणगडाच्या, पायथ्याशी वाढलेल्या मुलाला भगवा म्हटलं की पताका, दिंडी, आषाढीची गर्दी, नगद नारायण महाराजांचं दर्शन आठवणार. रंगाच्या कंपनीच्या पुस्तिकेत ‘भगवा : उत्साह’ एवढंच छापलेलं असतं.

मग परिणाम होतो तो कशाने? पहिली गोष्ट उजेड. पांढऱ्या किंवा फिक्या क्रीम भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी बराचसा परत खोलीत येतो. गडद निळी किंवा गडद हिरवी भिंत त्यातला बहुतेक गिळून टाकते. वस्तीवरच्या शाळेच्या खिडक्या लहान, त्यात वीज गेली की मागच्या रांगेतल्या पोराला वही डोळ्याजवळ धरावी लागते. असं पोर थोड्या वेळात कंटाळतं, चुळबुळ करतं, आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष नाही. म्हणून वरची भिंत आणि छत फिकंच ठेवा. खाली हात लागून मळतं म्हणून गडद ऑइल पेंटचा पट्टा मारायची आपल्याकडे रीत आहे आणि ती सोयीचीही आहे. फक्त तो पट्टा बसलेल्या मुलाच्या खांद्याच्या वर जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, नजर कुठे जाते. इथे पेंटरचं मुळीच ऐकू नका. २०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात बालवर्गातल्या २४ मुलांना दोन प्रकारच्या वर्गांत बसवून तेच धडे शिकवले. एका वर्गाच्या भिंती तक्ते आणि चित्रांनी भरलेल्या, दुसऱ्याच्या मोकळ्या. भरलेल्या वर्गात मुलांचा सुमारे ३९ टक्के वेळ इकडेतिकडे बघण्यात गेला, मोकळ्या वर्गात २८ टक्के. नंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के आली. लहान गटावरचा प्रयोग आहे, पण शिकवणाऱ्या कुणालाही तो पटेल. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये २७ शाळांतले १५३ वर्ग तपासले. त्यांचाही कौल मधल्या वाटेचा होता : भिंती फिक्या, एखादी भिंत ठसठशीत, वर्ग ओकाबोका नको आणि गजबजलेलाही नको. त्या पाहणीत उजेड, हवा आणि वर्गातलं तापमान यांचा वाटा रंगाहून मोठा निघाला.

तेव्हा फळ्याची भिंत शांत ठेवा. फिका राखी किंवा फिका हिरवा चालेल, त्यावर सुविचारसुद्धा नको. फळा हिरवा असेल तर त्यावर लाल खडूने लिहू नका, असं गुरुजींना सांगा. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच नीट कळत नाही. ते स्वतः सांगत नाहीत, कारण इतरांना वेगळं दिसतं हेच त्यांना ठाऊक नसतं. पांढरा आणि पिवळा खडू सगळ्यांना दिसतो.

चित्रं काढायचीच नाहीत का? जरूर काढा, पण मागच्या भिंतीवर, व्हरांड्यात, आवारभिंतीवर. आपल्याकडे बोलक्या भिंतींचा चांगला अनुभव आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी फरशीवर अक्षरं, आकडे, आकृत्या रंगवल्या, मुलं त्यांवर बसून-नाचून शिकली. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’मधून ते काम राज्यभर पोचलं. बऱ्याच ठिकाणी मात्र गंमत तेवढी उचलली गेली आणि भिंतीवर कार्टून उरली.

तुमच्या भागात बोलक्या भिंतीचं मोल इतरांपेक्षा जास्त आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन आई-बाप ऊसतोडीला साखर कारखान्याकडे निघतात. हंगामी वसतिगृहात न राहिलेली पोरं त्यांच्याबरोबर फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. दुसरीतली मुलगी वर्गात येते तेव्हा बाकीची मुलं हातच्याच्या बेरजेवर असतात आणि तिला विचारायची लाज वाटते. व्हरांड्याच्या भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला बाराखडी, शंभरपर्यंतचे अंक आणि हातच्याची एक सोडवलेली बेरीज असेल, तर ती मधल्या सुट्टीत कुणाला न विचारता बोट फिरवून वाचेल. पेंटरला सांगा, अक्षर सात फुटांवर नको, तीन फुटांवर हवं. मजकूरही गुरुजींनी आणि मुलांनी ठरवावा. आपल्या हाताचं काही भिंतीवर असलं की मूल त्या वर्गाला आपलं मानतं.

उरलेल्या वर्गणीतून छतावर बाहेरच्या बाजूने पांढरा थर द्या. पत्रा असो वा स्लॅब, एप्रिलमध्ये खोली थोडी तरी कमी तापेल, आणि चारी भिंतींच्या रंगापेक्षा याचा गुण मुलांना आधी जाणवेल.

रंग घेताना डब्यावरचं शिशाचं प्रमाण वाचून घ्या. २०१७ पासून घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या वर चालत नाही. जुना ऑइल पेंट कोरडा खरवडू नका. आधी ओला करा, मुलांना दूर ठेवा आणि पडलेली पूड ओल्या फडक्याने गोळा करा, कारण जुन्या पिवळ्या-लाल रंगात शिसं असू शकतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची बाधा होते. काम मेमध्येच उरकलं, तर जूनच्या मध्याला शाळा भरेपर्यंत वास निघून जाईल.