हलगीचे बोल

मुलांनो, धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. तेथे काळभैरवनाथाचे प्रसिद्ध मंदिर आहे. चैत्र महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातील अशा यात्रा-जत्रांना गेलात, तर देऊळ दिसण्याआधी वाद्यांचा आवाज कानांवर येतो. हलगी कडाडते, संबळाचा नाद घुमतो आणि लहानथोरांची पावले ताल धरू लागतात.

हलगी दिसायला साधी असते. लाकडाचे किंवा लोखंडाचे गोल कडे आणि त्यावर ताणून बसवलेले शेळीचे कातडे, एवढेच! पण ती बनवणे सोपे नाही. कातडे स्वच्छ करावे लागते, भिजवावे लागते, सगळीकडून सारखे ताणावे लागते आणि मग वाळवावे लागते. एका बाजूला ताण कमी पडला, तर आवाज बिघडतो. हवेत ओलावा असला, की कातडे सैल पडते. म्हणून वाजवण्यापूर्वी हलगी जाळावर शेकतात. शेकता शेकता वादक तिच्यावर टिचकी मारून आवाज ऐकतो. त्याच्या कानाला आवाज पटला, की हलगी तयार झाली.

संबळाची दोन भांडी जोडलेली असतात. एक लहान, एक मोठे. लहानाचा आवाज उंच, तर मोठ्याचा खोल. तुळजाभवानीचे गोंधळी संबळाच्या साथीने देवीचा गोंधळ घालतात.

ही कला नुसते पुस्तक वाचून येत नाही. शिकवणारा तोंडाने बोल म्हणतो. शिकणारा ते ऐकतो, म्हणून दाखवतो आणि मग हात चालवतो. अशा शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला उर्दूत 'उस्ताद' आणि 'शागिर्द' म्हणतात, तर मराठीत 'गुरू' आणि 'शिष्य'. वाद्यांची नावेही दोन्ही भाषांत किती जवळची आहेत पाहा. उर्दूतील 'नक्कारा' मराठीत 'नगारा' झाला. उर्दूतील 'दफ' मराठीत 'डफ' झाला. वाद्याला भाषेचे कुंपण नसते.

आता नकाशात पश्चिम आफ्रिका शोधा. तेथे माली आणि गिनी हे देश आहेत. तेथील जेंबे हे वाद्य जगभर प्रसिद्ध आहे. झाडाचे अखंड खोड आतून कोरून त्याला मोठ्या पेल्यासारखा आकार देतात. वर शेळीचे कातडे बसवतात आणि दोऱ्यांनी घट्ट ताणतात. जेंबे काठीने नव्हे, तळहातांनी वाजवतात. मधोमध थाप मारली, की घुमणारा नाद निघतो. काठावर मारली, की आवाज तीक्ष्ण होतो. तेथेही उस्ताद तोंडाने बोल म्हणून शिकवतो. वादकाचे लक्ष नाचणाऱ्याच्या पावलांकडे असते आणि नाचणाऱ्याचे कान जेंबेकडे असतात. दोघे मिळून एकच कला सादर करतात.

मुलांनो, येथे एका गोष्टीचा विचार करायला हवा. आपल्याकडे मातंग आणि इतर काही समाजांनी हलगी पिढ्यान्‌पिढ्या जपली. पण त्यांना गावाने फार काळ मान दिला नाही. मिरवणुकीत हलगी सर्वांत पुढे असे. हलगीवाला मात्र पंगतीत सर्वांत मागे बसे. कातडे कमावणाऱ्याच्या कामाला लोक हलके समजत. वाद्याचा आवाज हवा, पण ते घडवणारा हात नको, हा कुठला न्याय?

हा अन्याय पुष्कळांना सलत होता. सोनारीहून जवळच असलेल्या बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन यांचा जन्म झाला. पुढे ते शाहीर अमर शेख म्हणून गाजले. सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. ते मातंग समाजातले. या दोघांनी शाहीर गवाणकरांसह १९४४ साली 'लाल बावटा' कलापथक काढले. डफावर थाप मारून त्यांनी कामगारांची, शेतकऱ्यांची दुःखे मांडली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या शाहिरीने हजारो लोक जागे केले. जात आणि धर्म वेगळे, पण ताल एक!

असाच ताल समुद्रापारही जुळला. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी १९५० साली शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. आपल्या देशाचे वादन आणि नृत्य त्यांनी तेथील मुलांना व मोठ्यांना शिकवले. १९९१ साली अमेरिकन वादक मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रिकेत ओलातुंजी आणि मुंबईचे तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन यांनी एकत्र वादन केले. पुढच्याच वर्षी तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आज पुष्कळ हलग्यांना कातड्याऐवजी प्लॅस्टिकचे पान असते. ते शेकावे लागत नाही. सोय झाली, हे खरे. पण कातडे हाताने पारखणारे आणि आवाज कानाने जुळवणारे कारागीर शिष्यांवाचून राहिले, तर त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच जाईल. पैसा वाटला तर कमी होतो. विद्या वाटली तर वाढते. म्हणून पुढच्या वेळी हलगी ऐकाल, तेव्हा नुसते नाचू नका. वादकाजवळ जा, अदबीने त्याचे नाव विचारा आणि एक तरी बोल शिकून घ्या.

स्वाध्याय

१. वाजवण्यापूर्वी हलगी का शेकतात?
२. हलगी आणि जेंबे यांतील दोन साम्ये व एक फरक लिहा.
३. 'हलगी पुढे, हलगीवाला मागे' यात कोणता अन्याय आहे?
४. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आढळणारी वाद्यांची नावे लिहा.
५. तुमच्या गावातील एखाद्या वादकाला किंवा वाद्य बनवणाऱ्या कारागिराला भेटा आणि त्याच्याविषयी पाच वाक्ये लिहा.